ड्रिपर आधी बंद पडतो

शेतीच्या थ्री फेज लाईटचं वेळापत्रक आमच्या भागात पाळीपाळीनं असतं. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला, ड्रिप म्हणजे ठिबक बघायला मळ्यातल्या खोलीवर झोपायला जावं लागतं. गावात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. याच कारणावर मी जवळजवळ दीड वर्ष घराबाहेर झोपलो. जून २०२४ मध्ये एका रात्री मी चादर खांद्यावर टाकून निघालो, तर बायकोनं दारातच विचारलं, "अहो, या आठवड्यात दिवसाची लाईट आहे. मग आत्ता कुठे निघालात?"

मला उत्तर देता आलं नाही. मी परत आत येऊन खुर्चीवर बसलो.

आता स्पष्ट लिहितो. आडवळणानं बोलण्यातच माझं दीड वर्ष गेलं. २०२२ च्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे द्राक्षं लागण्यासाठी करतात त्या छाटणीनंतर, मला त्रास सुरू झाला. तेव्हा वय ४८. लिंगाला ताठरता यायची, पण मध्येच जायची. चार-सहा महिन्यांत ती यायचीच बंद झाली. मनात इच्छा नव्हती असं नाही. इच्छा होती, बायकोवर जीव होता, आणि शरीर साथ देत नव्हतं. पुरुषाला हे कुणाला सांगता येत नाही. आपल्याकडे त्यासाठी जो शब्द आहे तो शिवीसारखा वापरतात, आणि तो शब्द आपल्याला चिकटेल या भीतीनं माणूस तोंड मिटून घेतो.

कारणं मी स्वतःच शोधून ठेवली होती. छाटणीनंतर पाऊस झाला, डाऊनी रोगाच्या फवारण्या वाढल्या, सोसायटीचं कर्ज होतं, मुलीची ॲडमिशन होती. यातलं प्रत्येक कारण खरं होतं, म्हणून त्याच्याआड लपणं सोपं गेलं. टेन्शन आहे, माल विकला गेला की होईल ठीक, असं मी मनाला सांगायचो. माल विकला गेला. भावही बरा मिळाला. फरक काही पडला नाही.

मग मी चोरून इलाज सुरू केले. आमच्या भागात ओळखीचे लोक भेटतील म्हणून थेट नाशिकरोडला गेलो आणि एका मेडिकलमधून ती गोळी घेतली, जी सगळ्यांना माहीत असते. चिठ्ठी कुणी मागितली नाही. खरं तर ते शेड्यूल एचचं औषध आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असा कायदा आहे. पहिल्या दोन वेळा उपयोग झाला. सोबत डोकं ठणकायचं, तोंड गरम व्हायचं, नाक चोंदायचं. पुढे पुढे गोळीही अर्धवटच चालायला लागली. नंतर भिंतीवर जाहिरात करणाऱ्या एका दवाखान्यात गेलो. तिथल्या माणसानं नाडी धरली, तरुणपणीच्या चुकांबद्दल मोठं बोलला, आणि चाळीस दिवसांचं चूर्ण साडेआठ हजाराला दिलं. तो बोलत होता ते खोटं आहे हे मला तिथे बसल्याबसल्या कळत होतं, तरी मी पैसे मोजले. लाजेत सापडलेल्या माणसाला कुणीही लुटू शकतं. याचा मला आजही राग येतो.

त्या रात्री बायको भांडली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझ्यात काही कमी झालं का, एवढंच सांगा."

ती दीड वर्ष हेच मनात घेऊन बसली होती. माझी लाज मला एवढी मोठी वाटत होती की तिच्या बाजूनं याचा अर्थ काय होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. गोळ्यांचं, चूर्णाचंही. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या माझी थायरॉईडची तारीख आहे. तुम्ही पण चला."

पंचवटीत आमचे फॅमिली डॉक्टर आहेत, वीस वर्षांची ओळख. बायकोचे रिपोर्ट बघून झाले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी म्हणालो, "थोडा थकवा वाटतो." बायकोनं पर्सचा बंद मुठीत घट्ट धरला होता. ती म्हणाली, "डॉक्टर, दीड वर्ष झालं, ह्यांना संबंध जमत नाहीत. ह्यांच्या तोंडून निघणार नाही म्हणून मी सांगते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि उठून दार लावून घेतलं. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले. पुढची वीस मिनिटं त्यांनी जे प्रश्न विचारले, ते मला त्याआधी आयुष्यात कुणी विचारले नव्हते. हे अचानक झालं की हळूहळू? इच्छा होते का? आणि मग, "पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते का?"

मी आठवून बघितलं. वर्षभरात एकदाही नव्हती. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं की झोपेत ताठरता येणं हे शरीराचं आपोआप चालणारं काम आहे. नुसता मनावरचा ताण असेल तर बहुतेक वेळा पहाटेची ताठरता टिकून असते आणि नेमकं जोडीदारासोबत असतानाच अडतं. पहाटेचीही हळूहळू जाते, तेव्हा शरीर तपासावं लागतं. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, साखर, हार्मोन आणि चालू असलेली औषधं, हे सगळंच. मग तंबाखूचं विचारलं. विसाव्या वर्षापासून चुना-तंबाखू, दिवसाला दोन पुड्या. वडिलांचं विचारलं. वडील ५६ व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. छातीत दुखतं का? नाही. चालताना धाप लागते? फार नाही. ब्लडप्रेशर बघितलं तर १५४ आणि ९६. कमरेचं माप घेतलं, १०२ सेंटिमीटर.

"मेडिकलमधून परस्पर काही गोळी घेतली होती का? खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. मी सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. ती गोळी म्हणजे सिल्डेनाफिल. हृदयरोगाच्या माणसाला छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट देतात, ती नायट्रेट जातीची गोळी. सिल्डेनाफिल घेतल्यापासून २४ तासांच्या आत नायट्रेट पोटात गेलं तर ब्लडप्रेशर धाडकन खाली येऊन माणूस जाऊ शकतो. टॅडालाफिल नावाची त्याच कामाची दुसरी गोळी आहे, तिच्या बाबतीत हेच अंतर ४८ तासांचं. "समजा त्या रात्री तुमच्या छातीत दुखलं असतं, घरच्यांनी दवाखान्यात नेलं असतं, आणि लाजेपोटी तुम्ही गोळीचं सांगितलं नसतं?" त्यांनी एवढंच विचारलं. चूर्णाची पुडीही दाखवायला सांगितली. अशा चूर्णांत पुष्कळदा हेच औषध न सांगता कुटून घातलेलं सापडतं, म्हणजे माणूस समजतो जडीबुटी घेतोय आणि पोटात जातं सिल्डेनाफिल, किती प्रमाणात ते कुणालाच ठाऊक नसतं.

शेवटी ते म्हणाले, "माझ्या दृष्टीनं तुम्ही आज हृदयाची तक्रार घेऊन आला आहात."

मला वाटलं, घाबरवतायत. दुखणं कुठलं आणि तपासणी कुठली! घरी आलो, चहा घेतला आणि मळ्यात गेलो. वेलींच्या एका ओळीत शेवटच्या पाच-सहा झाडांची पानं मलूल दिसत होती. सवयीनं वाकून ड्रिपर, म्हणजे ठिबकचं थेंब सोडणारं तोंड, बघितला. थेंब पडत नव्हता. काढून हातावर घेतला. तोंडाशी क्षाराचा पांढरा थर बसला होता, मिठाच्या खड्यासारखा कडक, नखानं खरवडला तरी निघेना. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, दरवर्षी हे होतंच. आणि असं झालं की आम्ही कधीही नुसता ड्रिपर बदलून गप्प बसत नाही. टोकाची एंड कॅप काढून लॅटरल, म्हणजे वेलींच्या ओळीतला पाइप, पाण्यानं फ्लश करतो, त्याला पाणी देणारा सबमेन बघतो, फिल्टर उघडतो. कारण क्षार काही त्या एका ड्रिपरात तयार झालेला नसतो. तो सगळ्या पाइपात आहे. १६ एमएमच्या लॅटरलमध्ये पातळ थर बसला तर पाणी वाहत राहतं, कुणाला कळतही नाही. ड्रिपरचं भोक बारीक, म्हणून तो आधी बंद पडतो.

ड्रिपर हातात घेऊन मी बांधावर बसलो. डॉक्टर काय सांगत होते ते तेव्हा माझ्या डोक्यात उतरलं. लिंगाला रक्त पुरवणारी रोहिणी एक-दोन मिलिमीटरची, हृदयाच्या रोहिण्या तीन-चार मिलिमीटरच्या. तोच थर, तेच रक्त, तीच साखर, तोच तंबाखू. लहान नळीत त्रास आधी दिसणार. हृदयाचा त्रास उघड होण्याच्या साधारण दोन ते पाच वर्षं आधी हा त्रास सुरू झालेला असतो, असं पुष्कळ रुग्णांत आढळलं आहे. माझं दीड वर्ष गेलं होतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना ड्रिपरचं सांगितलं तेव्हा ते हसले, आणि दुरुस्तीही केली. उदाहरण अर्धंच बरोबर आहे, म्हणाले. पीव्हीसीचा पाइप निर्जीव असतो, रोहिणी जिवंत असते. तिच्या आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, त्यानं नळी सैल पडते आणि रक्त जास्त येतं. ताठरता म्हणजे शेवटी हेच, नळ्या सैल होऊन रक्त भरणं. साखर, तंबाखू, चढलेलं ब्लडप्रेशर, वाईट कोलेस्टेरॉल यांनी हे अस्तर बिघडतं, आणि थर साचायच्या आधीच नळीचं सैल होणं कमी होतं. हृदयाच्या रोहिण्यांनाही तेच अस्तर आहे. म्हणजे दोन आजार शेजारी शेजारी चालत नाहीत, आजार एकच असतो, दिसतो दोन ठिकाणी.

नंतर रात्री मोबाईलवर मी याबद्दल पुष्कळ वाचलं. सिल्डेनाफिल हे मुळात छातीच्या कळेवर, अंजायनावर चालतं का म्हणून इंग्लंडमध्ये तपासलं जात होतं. हृदयावर अपेक्षेइतका उपयोग दिसला नाही, पण औषध घेणाऱ्या पुरुषांत हा दुसरा परिणाम दिसला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला या कामासाठी मान्यता मिळाली. आणि त्याच वर्षीचं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना मिळालं ते नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांत काय काम करतं या शोधासाठी. इतकं जवळचं नातं आहे हे. आणि आपण एकासाठी मोठ्या हॉस्पिटलात जातो, दुसऱ्यासाठी भिंतीवरची जाहिरात शोधतो.

आता तपासण्या. रक्त सकाळी उपाशीपोटी दिलं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनसाठीही सकाळचंच रक्त लागतं, कारण ते सकाळी सर्वांत जास्त असतं. ते नॉर्मल आलं. बाकीचं नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, ७.४. मला डायबेटिस आहे हे मला त्या दिवशी कळलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२, रक्तातली चरबी ट्रायग्लिसराइड २४०, आणि चांगलं कोलेस्टेरॉल एचडीएल ३४. ईसीजी नॉर्मल. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल. मला हायसं वाटलं. आता गोळ्या घेऊ, पथ्य पाळू, झालं, असं वाटलं. पण डॉक्टरांनी गंगापूर रोडच्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे टीएमटीसाठी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायला, पाठवलंच. बसलेल्या गाडीचं इंजिन बघून काय कळणार, घाटावर चढवून बघायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

टीएमटीमध्ये छातीवरचे केस काढून, जेल लावून दहा ठिकाणी वायरी चिकटवतात आणि पळत्या पट्ट्यावर चालायला लावतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढतो आणि चढही वाढतो. पहिली तीन मिनिटं गावातून चालल्यासारखी गेली. दुसऱ्या टप्प्यात घाम आला. तिसरा टप्पा सुरू होऊन मिनिटभर झालं नसेल, पडद्याकडे बघणाऱ्या सिस्टरनी डॉक्टरांना हाक मारली आणि त्यांनी मशीन थांबवायला सांगितलं. मला तोवर छातीत काहीही होत नव्हतं. पाय भरून आले होते, एवढंच. "दुखतंय का?" त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हणालो. डायबेटिसच्या माणसाला हृदयाला रक्त कमी पडलं तरी पुष्कळदा दुखत नाही, हे त्यांनी नंतर सांगितलं. मला त्याची भीती जास्त वाटली. म्हणजे मी दुखण्याची वाट बघत बसलो असतो, तर दुखणं कदाचित आलंच नसतं. थेट शेवटच आला असता.

टीएमटीत दोष दिसला म्हणून अँजिओग्राफी ठरली, म्हणजे हृदयाच्या रोहिण्यांत डाय सोडून अडथळा कुठे आहे ते बघणं. तिच्या आदल्या संध्याकाळी आई ओट्यावर बसली होती. तिचं वय ७६. तिला एवढंच सांगितलं होतं की हृदयाची तपासणी आहे. मला का जावं लागतंय, ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. ती वडिलांबद्दल बोलत बसली. बोलता बोलता म्हणाली, "तुझे आबाही जायच्या आधी दोन-तीन वर्षं मळ्यातच झोपायला लागले होते. म्हणायचे, घरात उकडतं."

ती सहज बोलून गेली. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. कदाचित त्यांना खरंच उकडत असेल. माझ्याकडे कसलाही पुरावा नाही, आणि आता तो मिळणारही नाही. पण मी मळ्यात का झोपत होतो ते मला माहीत होतं. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो.

अँजिओग्राफी उजव्या मनगटातून केली. मनगट बधिर करतात, तेवढी एक सुई टोचते. डाय, म्हणजे पडद्यावर दिसणारं द्रव, सोडला की छातीपासून खाली गरम पाणी ओतल्यासारखं वाटतं, दहा-पंधरा सेकंद. पडद्यावर माझ्याच हृदयाच्या रोहिण्या दिसत होत्या, द्राक्षाच्या वेलीच्या छाटलेल्या काड्यांसारख्या. एका जागी काडी एकदम बारीक झालेली मलाही कळली. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मुख्य रोहिणी, जिला एलएडी म्हणतात, तिच्यात सुरुवातीलाच ८० टक्के ब्लॉकेज होतं. उजव्या रोहिणीत ४० टक्के. उजवीवर औषधानं भागेल असं सांगितलं आणि एलएडीत स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकला. तिसऱ्या दिवशी घरी आलो. मनगटावर पट्टी, एवढीच खूण.

डिस्चार्जच्या कागदावर मीठ किती, तेल किती, जिने कधी चढायचे, गाडी कधी चालवायची, ट्रॅक्टर कधी, सगळं होतं. ज्या गोष्टीमुळे मी तिथवर पोहोचलो होतो, तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. हॉस्पिटल चांगलं होतं, माणसं चांगली होती. पण विचारायचं कुणी, यावर दोन्ही बाजू गप्प होत्या. मला हे चूक वाटतं. मीठ किती खायचं हे न विचारता सांगता येतं, तर हेही सांगता आलं पाहिजे. घरी आल्यावर बायको माझ्या जवळ यायला घाबरायची. माझ्या छातीवर हात ठेवायलाही घाबरायची. तिला वाटायचं, तिच्यामुळे काही होईल.

पहिल्या फॉलोअपला मी स्वतः विचारलं. या वेळी बायकोला बोलू दिलं नाही. डॉक्टरांनी सरळ उत्तर दिलं. संबंधात हृदयावर पडणारा भार हा साधारण दोन मजले झपझप चढण्याइतका असतो. तेवढं धाप न लागता, छातीत न दुखता जमत असेल तर बहुतेकांना हरकत नसते. सगळ्या हार्ट अटॅकमध्ये संबंधाच्या वेळी आलेले शंभरात एकापेक्षाही कमी असतात. माझी औषधं चालू करून, पुन्हा एकदा तपासून त्यांनी होकार दिला. बायको शेजारी बसून ऐकत होती. मी एकट्यानं ऐकून तिला घरी येऊन सांगितलं असतं तर तिचा विश्वास बसला नसता.

दुसरी गोष्ट औषधांची. ब्लडप्रेशरच्या आणि हृदयाच्या काही गोळ्यांनीही ताठरता कमी होऊ शकते. हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या काही जुन्या बीटा ब्लॉकर गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या त्यात येतात. मला सुरुवातीला त्यातलंच मेटोप्रोलॉल होतं. मी तक्रार सांगितल्यावर ते बदलून नेबिव्होलॉल दिलं, त्यात हा त्रास कमी असतो. आमच्या ओळखीत एक जण याच कारणासाठी ब्लडप्रेशरची गोळी आपल्या मनानंच बंद करून बसले होते. त्यांना मी हात जोडून सांगितलं, बंद करू नका, बदलून मागा.

माझ्या यादीत नायट्रेट नाही, हे पक्कं बघून पुढे डॉक्टरांनीच सिल्डेनाफिल कमी डोसमध्ये लिहून दिलं. तीच गोळी, पण या वेळी चिठ्ठीवर माझं नाव, डोस आणि खाली ठळक अक्षरांत नायट्रेटसोबत घ्यायची नाही ही सूचना. माझ्या पाकिटात एक कार्ड आहे. त्यावर स्टेंटची तारीख, चालू औषधं, आणि ही गोळी कधीकधी घेतो हे लिहिलेलं आहे. कुठे चक्कर येऊन पडलो तर उचलणाऱ्याला कळावं म्हणून. मुलाला ते कार्ड दाखवून ठेवलंय. दाखवताना जीभ जड झाली होती, पण दाखवलं.

तंबाखू सोडणं या सगळ्यात सर्वांत अवघड गेलं. अँजिओग्राफी एका तासाची, तंबाखू तीस वर्षांचा. पहिले तीन आठवडे मी कुणाशी धड बोललो नाही. खिशात बडीशेप आणि लवंग ठेवायचो, फवारणीच्या वेळी हात आपोआप पुडी शोधायचा. रोज पहाटे पाटाच्या कडेनं चालायला लागलो, आधी दोन किलोमीटर, आता पाच. सणासुदीची पुरणपोळी सोडली नाही, पण एक खातो. मिसळीची तर्री सोडली, नाशिकच्या माणसाला ते काय असतं ते सांगायला नको. आठ महिन्यांनी एचबीए१सी ६.३ आली. एलडीएल ५८, डॉक्टरांनी ७० च्या खाली मागितलं होतं.

आणि ज्यापासून सुरुवात झाली त्याचं? पंचविशीसारखं काही झालं नाही, होणारही नाही. पाच महिन्यांनी एका पहाटे जाग आली आणि लक्षात आलं की शरीर जागं आहे. मी तसाच पडून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. बायकोला उठवून सांगितलं. कधी गोळी लागते, कधी लागत नाही, कधी गोळी घेऊनही जमत नाही. जमलं नाही तरी आता मी मळ्यात जात नाही.

फॅमिली डॉक्टर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, म्हणून तीही लिहितो. हा त्रास म्हणजे हृदय बिघडलंच असं नाही. कुणाला खरंच ताण असतो, कुणाला हार्मोनचा दोष, कुणाला औषधाचा परिणाम, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतरही होतो. त्रास तसा फार जणांना असतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा अभ्यास झाला होता, १९९४ साली छापून आला. त्यात थोडा किंवा जास्त त्रास असलेले ५२ टक्के निघाले. सगळेच हृदयरोगी नव्हेत. पण चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या माणसाला हळूहळू हा त्रास सुरू झाला तर साखर, कोलेस्टेरॉल, ब्लडप्रेशर आणि हृदय बघितल्याशिवाय सोडू नये. ब्रिटनमध्ये हृदयविकाराचा धोका मोजायचं क्यूरिस्क३ नावाचं गणित डॉक्टर वापरतात. त्यात २०१७ पासून पुरुषांना हा प्रश्न विचारलाच जातो, साखर आणि सिगारेटच्या प्रश्नांबरोबर. आपल्याकडे आरोग्य शिबिरात वजन, उंची, साखर, ब्लडप्रेशर सगळं विचारतात. हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर चारचौघांत कुणी सांगणारही नाही. वेगळ्या खोलीत विचारलं पाहिजे.

मागच्या महिन्यात माझा चुलतभाऊ ड्रिपमधला क्षार काढायच्या ॲसिड ट्रीटमेंटसाठी बागेत मदतीला आला होता. वय ४४, तोंडात तंबाखूचा बार. माझ्या स्टेंटबद्दल त्याला माहीत होतं, कशामुळे सापडलं ते माहीत नव्हतं. फिल्टरपाशी बसून मी त्याला सगळं सांगितलं, जसं इथे लिहिलं तसं. मळ्यात झोपण्याचंही सांगितलं. त्याला मी काहीच विचारलं नाही. तो खाली मान घालून लॅटरलची एंड कॅप फिरवत होता. पाइपातून आधी पांढरट, गढूळ पाणी आलं, मग हळूहळू स्वच्छ. त्यानं कॅप परत बसवली, बांधावर जाऊन तोंडातला बार थुंकला, चूळ भरली आणि परत येऊन बसला.

"दादा," तो म्हणाला, "ते रक्त उपाशीपोटी द्यावं लागतं का?"

"हो. उद्या सात वाजता गाडी घेऊन येतो. सकाळी चहा घेऊ नकोस."